गावच्या घरातलं नवं किचन : कोणता ट्रेंड घ्यायचा, कोणता सोडायचा आणि काम कोणत्या क्रमानं करायचं

ओट्याची उंची मिस्त्रीला विचारली की तो ३३-३४ इंच सांगतो, कारण मागच्या घरी त्यानं तेवढीच केलेली असते. ती विचारायची असते सयपाक करणाऱ्या माणसाच्या कोपराला. चप्पल काढून सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. त्यातून ४ ते ५ इंच वजा केले की भाजी चिरायच्या ओट्याची उंची निघते. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे तिचा ओटा ३३ इंचांचा. सव्वापाच-साडेपाच फुटांच्या माणसाला तोच ओटा वाकायला लावतो. घरात दोघी-तिघी सयपाक करत असतील तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धरा.

गॅसचा भाग मात्र वेगळा मोजावा लागतो. शेगडीचं जाळं ओट्याच्या वर ४-५ इंच येतं, त्यावर वरणाचा गंज (उभं पातेलं) चढला की हात खांद्याशी जातो. म्हणून शेगडीपुरता तीन-साडेतीन फूट ओटा ३ इंच खाली घ्या. भाकर थापायचीही हीच गोष्ट आहे, तिला जोर वरून खाली लावावा लागतो. २९-३० इंच उंचीचा दोन फुटांचा तुकडा एका टोकाला ठेवला तर कोपर (परात) त्यावर नीट बसते. ओट्याच्या या दोन-तीन उंच्या कोणत्याही कॅटलॉगात फारशा दिसत नाहीत, पण रोजचं कंबरदुखणं त्यांनीच कमी होतं.

सध्याची फॅशन आणि आपलं घर

आज दुकानात आणि मोबाइलवर जे दिसतं ते असं: हँडल नसलेली मॅट दारं, खाली लाकडी किंवा हिरवट आणि वर फिकट अशी दुरंगी कपाटं, ओट्यापासून वरपर्यंत मोठ्या टाइल, क्वार्ट्झचा ओटा, जमिनीपासून छतापर्यंतचं पँट्री कपाट, कपाटाखाली एलईडी पट्टी, दारांऐवजी ड्रॉवर आणि हॉलकडे मोकळं किचन.

यातले ड्रॉवर, पट्टीचा उजेड आणि वरपर्यंत टाइल या तीन गोष्टी डोळे मिटून घ्या. खालच्या कपाटात गुडघ्यावर बसून मागचा डबा शोधणं ड्रॉवरमुळे संपतं. छताच्या मधोमध एकच बल्ब असला की आपलीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाच्या पुढच्या कडेखाली लावलेली पट्टी ती सावली काढून टाकते. इनव्हर्टर असेल तर ही पट्टी त्यावरच जोडून घ्या.

क्वार्ट्झ दिसायला सुंदर, पण तो दगडाचा चुरा राळेत घट्ट करून बनवलेला असतो. उकळत्या तेलाची कढई किंवा तापलेला तवा त्यावर थेट टेकला की राळ जळून पिवळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. ग्रॅनाइटला हे भय नाही. आपल्याकडे तळण, तर्री, हळद सगळं भरपूर, त्यामुळे काळा किंवा गडद ग्रॅनाइटच खरा. मॅट काळी दारं टाळा, पिठाचे आणि तेलाचे बोटांचे ठसे त्यावर सगळ्यात आधी दिसतात. फिकट, किंचित चमक असलेलं सनमायका पुसायला सोपं. हँडल नसलेल्या दाराला वरच्या कडेला खाच असते, तिच्यात पीठ आणि मुंग्या साठतात. साधं स्टीलचं हँडल लावलं तर काही बिघडत नाही.

मोकळं किचन सरळ सोडा. ठेच्याची मिरची भाजली की बैठकीतले पाहुणे खोकत उठतात, आणि तेलाचा थर सोफ्यावर, टीव्हीवर बसतो. उजेड आणि बोलणं-चालणं हवं असेल तर मधल्या भिंतीत तीन-चार फुटांची सरकती काच बसवा, फोडणीच्या वेळी ओढून घेता येते.

एक ट्रेंड मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. मोठ्या शहरांतले लोक आता मुख्य किचनच्या मागे तळणा-भाजण्यासाठी दुसरं छोटं किचन करतात. आपली सांदवाडीतली (घरामागच्या आवारातली) चूल म्हणजे तेच. पाणी तापवणं, लांब पोळ्या, हुरडा, लग्नाचं मोठं गंज तिथंच राहू द्या. तिच्यावर टिनाचं छप्पर, बाजूला एक नळ आणि खाली फरशी एवढं केलं तरी पुरे. घरातल्या ओट्यावर लाकूड पेटवायचं आणि वर इलेक्ट्रिक चिमणी लावायची, हे कधीच करू नका. ठिणगी आत ओढली गेली तर चिमणीतलं साठलेलं तेल पेट घेतं.

पायरी १ : काम कधी काढायचं

कापूस, तूर विकून हातात पैसा येतो तो डिसेंबर-जानेवारीत. काम तेव्हाच सुरू करून मार्चच्या आत संपवा. एप्रिल-मे मध्ये लग्नसराईमुळे मिस्त्री मिळत नाही, विहिरीचं पाणी आटतं आणि प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं तर ते आणायचं कुठून. ४५ अंशांच्या उन्हात पाणी कमी पडलेलं प्लास्टर वरून पक्कं दिसतं, नंतर टाइलसकट पोकळ वाजतं. पावसाळ्यात लाकूड-प्लायचं काम करू नका, ओल धरलेली दारं दिवाळीनंतर आकसतात आणि फटी पडतात. पंधरा ते वीस दिवस सयपाक सपरीत किंवा मागच्या चुलीवर होईल अशी सोय आधी लावून ठेवा.

पायरी २ : फोडण्याआधी ओल, उधई आणि भेगा

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो हा भाग सोडून दिल्यानं.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरच्या घराची जमीन थोडी वर-खाली होत राहते, म्हणून ओटा आणि भिंत यांच्या सांध्यात दर वर्षी केसाएवढी भेग येते. ती सिमेंटनं भरली की पुन्हा फुटते. त्या सांध्यात सिलिकॉन सीलंट भरा, ते ताणलं जातं. भिंतीलाच तिरपी भेग असेल तर प्लास्टर खरवडून जाळी ठोका आणि मगच टाइल लावा. ओट्याचे पाय कच्च्या भरावावर कधी ठेवू नका. खाली ४ इंच काँक्रीट घालूनच त्यावर उभे करा.

उधईचं औषध ओटा फोडल्यावर आणि नवी फरशी बसायच्या आधी, म्हणजे जमीन उघडी असतानाच मारून घ्या. जमीन आणि भिंत मिळते त्या रेषेवर दर एक फुटाला १२ मिमीचं छिद्र पाडतात आणि प्रत्येक छिद्रात द्रावण मुरेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर, सोडतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर एक लिटर औषधाला १९ लिटर पाणी. हे शेतातल्या फवारणीचं औषध घरी आहे म्हणून स्वतः मारायचं काम नाही. पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, भांडी-धान्य बाहेर काढा, पोरांना आणि जनावरांना दूर ठेवा आणि खोली दोन दिवस उघडी राहू द्या. विहीर किंवा बोअर भिंतीला लागून असेल तर ते त्याला आधी सांगा.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात घर असेल तर बांधकामाला बोअरचं खारं पाणी वापरू नका. भिंतीला पांढरा लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि काँक्रीटमधली सळई गंजते. टँकरचं गोडं पाणी महाग वाटतं, पण एका किचनला लागणारं पाणी तसं थोडं असतं.

पायरी ३ : माप आणि मालाचा हिशेब

१० × ८ फुटांची खोली आणि इंग्रजी एल आकाराचा दोन फूट रुंद ओटा धरा. एक बाजू १० फूट, दुसरी कोपरा सोडून ६ फूट.

ग्रॅनाइट: १६ × २ = ३२ चौरस फूट. पुढच्या कडेची पट्टी १४ फूट (आतल्या बाजूनं ८ आणि ६). १८ मिमी ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे नुसत्या ओट्यावर जवळजवळ दीडशे किलो. म्हणून खाली दर दोन ते अडीच फुटांवर आधार लागतो.

टाइल: भिंतीची लांबी १८ फूट. ओट्यापासून सात फुटांपर्यंत सव्वाचार फूट उंची, म्हणजे साधारण ७७ चौरस फूट. तुटफुटीचे १० टक्के धरून ८५. खिडकीचं क्षेत्र वजा करा, पण पाच-सहा टाइल जास्तीच्या घेऊन माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तीच छटा दुकानात मिळत नाही.

कपाटवाल्याचा भाव रनिंग फुटाचा (नुसत्या लांबीचा) आहे की चौरस फुटाचा, हे पहिल्याच बोलण्यात लिहून घ्या. चौरस फूट असेल तर फक्त पुढची दारं मोजतोय की आतले कप्पेही, तेही. भांडणं इथंच होतात.

शेगडीची जागा ठरवताना बहुतेक घरी आग्नेय कोपरा निघतो. त्याला हरकत नाही, सकाळचा उजेड मिळतो. शेगडी पश्चिमेच्या भिंतीला मात्र टाळा. मे मधे ती भिंत दुपारपासून तापलेली असते आणि संध्याकाळचा सयपाक दोन आगींच्या मध्ये होतो. सिंक आणि शेगडी यांच्यात किमान दोन फूट मोकळा ओटा हवा.

पायरी ४ : पाणी आणि सांडपाणी

नळासाठी लोखंडी पाइप नको, सीपीव्हीसी घ्या. सिंकचा निचरा दोन इंची पाइपातून न्या आणि दर फुटाला पाव इंच उतार द्या. सिंकखाली बॉटल ट्रॅप बसवाच. त्यात साठलेलं पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो एकच लावण्याऐवजी ४५ अंशांचे दोन लावले की भाताचं शीत अडकत नाही.

पाणी शोषखड्ड्यात जात असेल तर आधी एक तेलाची टाकी करा. दीड फूट लांब-रुंद-खोल चेंबर, बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतून खाली वाकवलेला एल्बो. तेल वर तरंगतं, पाणी खालून निघतं. पंधरा दिवसांनी वरचा थर काढून मातीत पुरायचा. ही टाकी नसली की तेलाचा थर खड्ड्याच्या तळाला बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी उलटं येतं. खड्डा काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा.

सिंक ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं, २४ × १८ इंच आणि ९ इंच खोल घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवेल, त्याला भुलू नका. २०२ ग्रेडलाही चुंबक नीट चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात गंज धरतो तो तोच. सिंकवरचा शिक्का बघा आणि बिलावर ३०४ लिहून घ्या.

पायरी ५ : वीज आणि गॅस

भिंतीतल्या नळ्या टाइलच्या आधी बसतात, म्हणून पॉइंट आताच मोजा: फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, चिमणी, एग्झॉस्ट, इंडक्शन आणि एक मोकळा. सॉकेट ओट्याच्या वर ८-१० इंच, सिंकपासून दोन फूट दूर आणि शेगडीच्या वर कधीच नाही. दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि इंडक्शनला स्वतंत्र ४ चौरस मिमीची वायर. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, ओल्या हाताचा झटका तो तोडतो.

अर्थिंग नसेल तर बाकी सगळं थांबवून ते आधी करा. कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि काळ्या मातीला भेगा पडल्या की निकामी होतो. मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. वीजबिलावर 'मंजूर भार' बघा. तो अर्धा-एक किलोवॅट असेल आणि तुम्ही दोन किलोवॅटचं इंडक्शन आणणार असाल, तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी टाका.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला म्हणूनच अगदी खाली, फरशीलगत जाळी हवी, नुसती वर असून उपयोग नाही. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर आणि ज्योतीच्या थेट खाली न ठेवता शेजारच्या कप्प्यात. १४.२ किलोच्या सिलिंडरला १५ इंच रुंद आणि रेग्युलेटरसकट २८ इंच उंच मोकळी जागा सोडा. नळी सुरक्षा छापाची, दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीत गाडायची नाही आणि पाच वर्षांनी बदलायची. गळती झाली तर १९०६ हा नंबर दारामागे रंगवून ठेवा.

पायरी ६ : ओटा आणि कपाटं

इथं आमचं मत ठाम आहे. तळमजल्यावर, काळ्या मातीच्या घरात, ओट्याखाली प्लाय वापरू नका. आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकेल असा असतो, आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) प्लाय ८ तास. पण पाण्यात टिकतो म्हणून उधई सोडते असं नाही. पार्टिकल बोर्डचं तर नावच काढू नका, सिंकखाली एकदा गळलं की तो बिस्किटासारखा फुगतो.

खाली कडप्प्याचे उभे कप्पे, आत स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे अ‍ॅल्युमिनियम चौकटीची दारं केली की बाहेरून सगळं मॉड्युलरच दिसतं आणि उधईला खायला काही उरत नाही. बाजारात ट्रॉलीच्या बास्केट १५, १७, १९ आणि २१ इंच रुंद, २० इंच खोल मिळतात. बास्केट आणि चॅनल (ट्रॉली सरकायच्या पट्ट्या) आधी विकत आणा, मिस्त्रीच्या समोर ठेवा आणि कप्पा त्यापेक्षा दीड इंच रुंद करून घ्या. पुढचं आणि मागचं माप एकच यायला हवं. पाव इंचाचा फरक पडला की ट्रॉली अर्ध्यात अडते, आणि कडप्पा नंतर सरकवता येत नाही. चॅनल थेट कडप्प्यात ठोकल्यावर तो तडकतो, आधी अ‍ॅल्युमिनियमचा अँगल बसवा.

वरच्या कपाटांना १८ मिमीचा ७१० प्लाय चालतो, खोली १२ इंच. तळ ओट्यापासून २० इंच वर. पाच फुटांच्या माणसाचा हात सव्वासहा फुटांपर्यंत पोचतो, त्यावरच्या कप्प्यात दिवाळीची भांडी ठेवा. ओट्याखालच्या कप्प्यांच्या तळाशी चार इंच मोकळं सोडा. उधईची मातीची रेघ दिसली पाहिजे आणि झाडू आत गेला पाहिजे. पाइपाभोवतीची भोकं स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंटनं बंद करा, उंदीर सिमेंट कुरतडतो, स्टील नाही.

पँट्रीचं उंच कपाट महिन्याच्या सामानाला ठीक आहे. वर्षाचं धान्य त्यात मावत नाही. एक क्विंटल गव्हाला साधारण १३० लिटर जागा लागते, वर तूर, ज्वारी, तांदूळ. कोठ्यांसाठी भिंतीची पाच-सहा फूट जागा आराखड्यातच राखून ठेवा, नाहीतर कोठी शेवटी फ्रिजसमोर येते. खलबत्ता आणि पाट्यासाठीही जमिनीवर दोन बाय दोन फुटांची जाड शहाबादी बसवा. ग्रॅनाइटवर मिरची कुटली की आधाराच्या मधोमध तडा जातो.

पायरी ७ : टाइल, धूर आणि गरमी

मोठी २ × ४ फुटी टाइल सांधे कमी करते, पण भिंत सरळ नसेल तर कोपरे उचललेले दिसतात. गावच्या जुन्या भिंतीला १ × २ फुटीच बरी. सिमेंटच्या गोळ्यांवर न चिकटवता टाइलचं अ‍ॅडहेसिव्ह खाचेच्या पट्टीनं सगळीकडे पसरवा, ग्राउट (सांधे भरायचा मसाला) २४ तासांनी. शेगडीमागे पांढरं सिमेंट भरलं की हळदीनं महिन्यात पिवळं पडतं. तिथं तरी इपॉक्सी ग्राउट आणि तेही करड्या रंगाचं.

चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच वर, पाइप ६ इंची, वळणं जास्तीत जास्त दोन. ताशी १२०० घनमीटर ओढणारी चिमणी चार इंची पाइपाला जोडली की ती फक्त आवाज करते. बाहेरच्या तोंडाला पाखरांची जाळी आणि पावसाचं टोपण लावा. चिमणी परवडत नसेल तर १२ इंची एग्झॉस्ट शेगडीच्या वरच्या बाजूला आणि समोरच्या भिंतीत खाली हवा यायची खिडकी, यानंही बराच धूर जातो. खिडकी बंद ठेवून एग्झॉस्ट चालवला तर तो जागीच फिरतो.

टिनाच्या किंवा कवेलूच्या छताखाली शोभेचं पीव्हीसीचं सिलिंग शेगडीवर नको, आगीला ते टिकत नाही. सिमेंट बोर्डाचं सिलिंग एक फूट खाली घ्या, वरच्या पोकळीला दोन्ही बाजूंनी जाळी ठेवा, गरम हवा निघून जाते. पंखा सयपाक करणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर लावा. ज्योत हलत नाही आणि घामही सुकतो.

ताबा घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि खाली कोरडा कागद टेकवून बघा. ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. ते सिंककडे गेलं पाहिजे, भिंतीकडे किंवा पुढे नाही. टाइल नाण्यानं वाजवा, पोकळ आवाज येईल तिथं खडूनं फुली मारा. सगळ्या ट्रॉल्यांत भांडी भरून उघड-बंद करा, रिकामी ट्रॉली नेहमीच छान चालते. फ्रिज, मिक्सर आणि इंडक्शन एकाच वेळी लावून मेन पडतो का पाहा. टाइल लावायच्या आधी भिंतीतल्या पाइप-वायरींचे फोटो काढले असतील तर ते घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा, पुढं भिंतीत खिळा ठोकताना लागतील.